खोकणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसातून नमुना घ्यावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: आमचा कुत्रा नऊ वर्षांचा असून त्याचे वजन सुमारे 24 किलो आहे. गेले चार महिने तो खोकतो आहे. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, खोकल्याचे औषध देऊन झाले. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे वाटते आणि खोकला परत सुरू होतो. तो नीट खातो, फिरायला उत्साहाने येतो, मात्र जिना चढल्यावर पूर्वीपेक्षा लवकर धापा टाकू लागतो. एक्स-रेमध्ये श्वासवाहिन्यांच्या भिंती जाड दिसल्या आणि हृदयाचा आकार ठीक असल्याचे सांगण्यात आले. आता डॉक्टरांनी सुचवले आहे की भूल देऊन दुर्बिणीने आत पाहावे आणि सलाईन सोडून फुप्फुस ‘धुऊन’ नमुना घ्यावा. माझ्या थोरल्या भावाला हे मुळीच पटत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी भरणे हा वेडेपणा आहे, असे तो म्हणतो. ओळखीच्या एका कुटुंबातील कुत्र्याला अशाच तपासणीनंतर रात्रभर ऑक्सिजनवर ठेवावे लागले होते. त्याची फुप्फुसे कायमची कमजोर झाली तर, ही माझी भीती आहे. नमुना न घेता थेट स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणे अधिक सुरक्षित नाही का? त्याला स्वतःला काही विचारता येत नाही, म्हणून या निर्णयाचे ओझे जास्तच वाटते.

उत्तर:

तुमच्या भीतीत तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जाणे योग्य होईल. श्वासवाहिन्यांत सलाईन सोडून नमुना घेतला की कुत्र्याची रक्तात ऑक्सिजन पोहोचवण्याची क्षमता काही काळ खरोखरच घटते. हे क्वचित घडणारे विघ्न नसून या तपासणीचा अपेक्षित परिणाम आहे, आणि जे डॉक्टर ती नियमित करतात ते तिची तयारी याच गृहीतावर करतात. मात्र तुमच्या पत्रात ‘काही काळ’ आणि ‘कायमचे’ या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. गोळ्यांचा मार्ग जवळजवळ बिनधोक आहे, असेही तुम्ही मनाशी धरले आहे. या दोन्ही समजुती तपासल्या, तर निर्णय पूर्ण सोपा होणार नाही, पण कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळवायची आहेत ते तुम्हाला नेमके कळेल.

आधी ‘फुप्फुस धुणे’ म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दाने डोळ्यांसमोर येणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा भयंकर असते. कुत्र्याच्या उजव्या फुप्फुसाचे चार आणि डाव्याचे दोन खंड असतात. दुर्बीण श्वासनलिकेतून खाली नेऊन एखाद्या खंडाच्या लहान फांदीत अलगद रुतवली जाते आणि त्या फांदीपलीकडच्या मर्यादित भागात शरीराच्या तापमानाइतके कोमट केलेले निर्जंतुक सलाईन सोडून ते लगेच परत ओढले जाते. तुमच्या कुत्र्याच्या आकारमानाच्या प्राण्यात एका वेळी साधारण 10 ते 25 मिलिलिटर द्रव वापरला जातो, आणि अशा काही खेपा दोन-तीन ठिकाणी केल्या जातात. त्यातले निम्मे किंवा त्याहून अधिक परत मिळाले तर नमुना चांगला समजतात; उरलेले द्रव फुप्फुसातील केशवाहिन्या हळूहळू शोषून घेतात. म्हणजे संपूर्ण फुप्फुस कधीच भरले जात नाही. जो भाग धुतला जातो, तो मात्र तेवढ्या वेळेपुरता कामातून जातो.

त्या भागात नेमके काय घडते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच बेतलेली असते. द्रव शिरलेल्या वायुकोशांत हवा पोहोचत नाही, पण त्यांच्याभोवतीचे रक्त वाहतच राहते आणि ऑक्सिजन न घेताच पुढे जाऊन बाकीच्या रक्तात मिसळते. त्यामुळे धमन्यांतील ऑक्सिजनचे प्रमाण उतरते. दुसरे म्हणजे, वायुकोशांना आतून अस्तरासारखा एक निसरडा थर असतो, जो त्यांना श्वास सोडताना मिटून जाण्यापासून वाचवतो. सलाईनबरोबर या थराचा काही अंश धुऊन निघतो, त्यामुळे काही वायुकोश चिकटून बसतात आणि फुप्फुस फुगवायला नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीच्या आणि द्रवाच्या स्पर्शाने श्वासवाहिन्या आकसू शकतात. ही प्रतिक्रिया मांजरांत अधिक तीव्र असते, तरी ज्या कुत्र्याच्या श्वासवाहिन्या आधीच सुजलेल्या आहेत त्याच्या बाबतीतही ती लक्षात ठेवावी लागते. यांपैकी एकही बदल फुप्फुसाच्या रचनेची मोडतोड करत नाही. द्रव शोषले जाते, वायुकोशांतील पेशी तो थर पुन्हा तयार करतात, मिटलेले वायुकोश खोल श्वासांनी आणि खोकल्याने उघडतात. बहुतेक कुत्रे काही तासांत सावरतात, काहींना एखादा दिवस लागतो, आणि या काळात स्टेथोस्कोपने ऐकल्यास धुतलेल्या भागात बारीक कुरकुर ऐकू येणे स्वाभाविक असते.

आणखी एक वाटेकरी आहे, ज्याच्याकडे घरच्यांचे सहसा लक्ष जात नाही, तो म्हणजे भूल. भुलेखाली श्वास उथळ होतो, कुशीवर झोपवलेल्या प्राण्याच्या खालच्या बाजूचे फुप्फुस दाबले जाते, आणि शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर काही वायुकोशांतला सगळा वायू शोषला जाऊन ते मिटतात. शरीराकडे एक सुंदर बचाव आहे: जिथे हवा पोहोचत नाही तिथला रक्तपुरवठा ते आपोआप कमी करते. पण श्वासावाटे देण्याच्या भुलेने हा बचावही काहीसा मंदावतो. यात दुर्बिणीची स्वतःची अडवणूक मिळवा. हवेचा प्रवाह सुरळीत आहे असे धरले, तर नळीची त्रिज्या निम्मी होताच प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो; त्यामुळे लहान चणीच्या कुत्र्यात तीच दुर्बीण मोठ्या कुत्र्याच्या मानाने फार जास्त जागा अडवते. 24 किलोच्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत भूल आणि ऑक्सिजन देण्याची नळी बहुधा पुरेशी रुंद बसते आणि दुर्बीण आत असतानाही तिच्या बाजूने ऑक्सिजन देता येतो. ज्या वाचकांचा कुत्रा पाच-सहा किलोचा आहे, त्यांच्या डॉक्टरांना नळी न घालता, शिरेतून भूल देऊन आणि बारीक नळीने ऑक्सिजन सोडत, कमी वेळात काम उरकावे लागते. तिथे अनुभवी हाताचे मोल अधिक असते.

आता तुमच्या ओळखीच्या त्या कुत्र्याबद्दल. तो रात्रभर ऑक्सिजनवर होता, यावरून काहीतरी बिघडले असेल असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. तसे झालेही असेल. पण तपासणीनंतर ऑक्सिजन देत राहणे आणि तो हळूहळू कमी करत नेणे हा नेहमीच्या काळजीचाच भाग आहे. नमुना घेतल्यानंतरची ऑक्सिजनची घट बहुतेक वेळा जादा ऑक्सिजनला चांगला प्रतिसाद देते. मला खरी चिंता त्या कुत्र्यांची वाटते ज्यांना शुद्धीवर येताच, डोळे उघडले एवढ्यावरून, निरीक्षणाविना घरी पाठवले जाते.

म्हणून ‘ही तपासणी सुरक्षित आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘आमच्या कुत्र्याच्या फुप्फुसांत आज शिल्लक किती आहे’ हा प्रश्न विचारावा, असे मी सुचवेन. फुप्फुसांचा एक भाग काही तास गमावणे ज्याला परवडते, त्याच्यासाठी हा धोका लहान आहे. जो आधीच प्रत्येक श्वासासाठी झगडतो आहे, त्याच्यासाठी तीच प्रक्रिया जिवावर बेतू शकते. माणसाला नळीत जोराने फुंकायला सांगून श्वसनक्षमता मोजता येते. कुत्र्याला ते सांगता येत नाही, त्यामुळे इथे वेगळे मार्ग वापरतात. धमनीतील रक्ताची वायुतपासणी हा त्यातला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. निरोगी कुत्र्यात, खोलीतील साध्या हवेवर, ऑक्सिजनचा दाब साधारण 80 ते 100 मिलिमीटर पारा इतका असतो. पल्स ऑक्सिमीटर जिभेला किंवा ओठाला लावून मिळणारा आकडा सामान्यतः 95 टक्के किंवा त्याहून वर असावा. तो 90 वर आला म्हणजे दाब सुमारे 60 पर्यंत उतरलेला असतो, आणि त्याखाली थोडीशी घटही वेगाने महागात पडते. शांत चालीने सहा मिनिटे चालवून किती अंतर कापले जाते हे पाहण्याची चाचणीही काही ठिकाणी करतात. तुमचा कुत्रा जिन्यावर धापा टाकतो, ही नोंद या दृष्टीने मोलाची आहे. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पल्स ऑक्सिमीटरबाबत एक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. प्राणी शुद्ध ऑक्सिजन घेत असताना निरोगी फुप्फुसे धमनीतील दाब 500 च्या आसपास नेतात. फुप्फुसांचे काम बिघडून तो दाब 150 पर्यंत घसरला, तरी ऑक्सिमीटर 99 किंवा 100 हाच आकडा दाखवत राहतो, कारण रक्तातील हिमोग्लोबिन तोवर पूर्ण भरलेलेच असते. म्हणजे ऑक्सिजन चालू असतानाचा उत्तम आकडा फुप्फुसे सावरल्याची खात्री देत नाही. खरी परीक्षा ऑक्सिजन काढल्यावर, साध्या हवेवर काही वेळ गेल्यानंतरच होते. तपासणीपूर्वी साध्या हवेवर घेतलेला आकडा आणि तपासणीनंतर साध्या हवेवर घेतलेला आकडा यांची तुलना झाल्याशिवाय कुत्र्याला घरी नेण्याची घाई करू नका. जीभ निळसर दिसते का, यावरही विसंबू नये. ती फार उशिरा दिसणारी खूण आहे.

वयाचा मुद्दा तुमच्या भावाने काळजीपोटीच मांडला असणार. नऊ वर्षे हे वय आपल्याला भावनिकदृष्ट्या नाजूक वाटते, परंतु धोका ठरवताना वयापेक्षा इतर बाबी अधिक बोलतात. साध्या हवेवरच ऑक्सिजन कमी असणे, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला असणे, अनियंत्रित हृदयविकार, रक्त गोठण्यात दोष, फुप्फुसात हवेचे फुगे असणे, अतिलठ्ठपणा, किंवा चपट्या नाकाच्या जातींमधील अरुंद श्वासमार्ग, यांपैकी काही असेल तर थांबून विचार करायला हवा. ज्यांची श्वासनलिका खचते अशा कुत्र्यांत शुद्धीवर येतानाचा खोकला आणि घाबरटपणा हीच अवघड वेळ असते. तुमच्या वर्णनात यातले काहीही ठळकपणे दिसत नाही. तरीही भुलेपूर्वी हृदयाची नीट तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि साध्या हवेवरचा ऑक्सिजनचा आकडा, एवढे झालेच पाहिजे.

नमुना घेण्याआधी काही सोप्या शक्यता निकालात काढल्या आहेत का, हेही विचारा. हृदयातील जंतासाठी रक्ताची चाचणी आणि फुप्फुसातील जंतांच्या अळ्यांसाठी विष्ठेची विशेष तपासणी यांना भूल लागत नाही. विष्ठेतील अळ्या रोज पडतीलच असे नसल्याने ती एकाहून अधिक दिवसांच्या नमुन्यांवर करावी लागते. फुप्फुसजंतांसाठी औषधाचा एक कोर्स आधीच देऊन पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे. खोकल्याचे मूळ इथेच सापडले तर दुर्बिणीची गरजच उरत नाही.

आता स्टेरॉइडच्या गोळ्यांकडे वळू. तुमच्या डॉक्टरांना बहुधा दोन-तीन शक्यता वेगळ्या करायच्या आहेत: दीर्घकालीन श्वासवाहिनीदाह, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणारी ॲलर्जीच्या स्वरूपाची सूज, आणि अँटिबायोटिकने दबलेला पण न गेलेला जिवाणूसंसर्ग. पहिल्या दोहोंत स्टेरॉइड उपयोगी पडते. तिसऱ्यात ते शरीराचा प्रतिकार कमी करून आजार वाढवू शकते. बुरशीचा संसर्ग असेल तर नुकसान आणखी गंभीर होते. शिवाय स्टेरॉइड सुरू झाले की इओसिनोफिल पेशी लवकरच ओसरतात, आणि पुढे नमुना घ्यायची वेळ आली तर त्यात वाचण्यासारखे फारसे उरत नाही. महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहिल्या तर भूक, तहान, वजन आणि धाप वाढते. वाढलेले वजन छातीवर बसून श्वासाला आणखी जड करते. नमुना न घेण्यालाही अशी किंमत असते, फक्त ती एका दिवसात दिसत नाही. मी स्टेरॉइडच्या विरोधात मुळीच नाही. ज्या कुत्र्याला भूल देणे खरोखर धोक्याचे आहे, त्याच्यासाठी इतर चाचण्या करून, ठरावीक मुदतीसाठी आणि काटेकोर निरीक्षणाखाली केलेला औषधी प्रयोग हा समंजस पर्याय आहे, आणि तो निवडणाऱ्या पालकाने अपराधी वाटून घेऊ नये. तो प्रयोग लागू पडला, तर पुढे मुखवटा आणि स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) यांच्या साहाय्याने श्वासावाटे स्टेरॉइड देऊन गोळ्यांची मात्रा कमी करता येते, त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलावे.

या दोन टोकांच्या मधेही वाटा आहेत. हलक्या, अल्पकाळाच्या भुलेत निर्जंतुक नळी श्वासनलिकेत घालून तिच्यातून थोडे सलाईन सोडून ओढून घेतात. यात द्रव कमी लागते, वेळ थोडा जातो आणि फुप्फुसाच्या खोल भागांना तुलनेने कमी झळ पोहोचते. मोठ्या कुत्र्यात, जागेपणी किंवा सौम्य गुंगीत, गळ्यापाशी त्वचा बधिर करून सुईतून बारीक नळी श्वासनलिकेत सरकवूनही नमुना घेता येतो. त्यात भुलेचा धोका टळतो. मात्र सुईच्या छिद्रातून हवा त्वचेखाली किंवा छातीच्या मध्यभागात झिरपण्याची, तसेच रक्तस्रावाची शक्यता असते आणि कुत्रा शांत राहणे अत्यावश्यक असते. या दोन्ही पद्धतींनी मिळणारे पेशी आणि जिवाणू मोठ्या श्वासमार्गांतले असतात. दुर्बीण मात्र श्वासवाहिन्या खचतात का, आत काही अडकले आहे का, हे प्रत्यक्ष दाखवते आणि नमुना नेमक्या दुखऱ्या भागातून आणते. तुमच्या बाबतीत एक्स-रेमध्ये दिसलेला बदल श्वासवाहिन्यांचा आहे आणि कुत्र्याची प्रकृती एरवी चांगली आहे, त्यामुळे भुलेपूर्वीच्या चाचण्या समाधानकारक आल्या तर माझा कौल दुर्बिणीने नमुना घेण्याच्या बाजूने आहे. ऑक्सिजनचा आकडा साध्या हवेवर 95 पेक्षा स्पष्टपणे कमी आला, तर मी तुम्हाला कमी द्रवाच्या पद्धतीचा किंवा आधी उपचार करून प्रकृती सुधारण्याचा विचार करायला सांगेन.

डॉक्टरांशी बोलताना एक प्रश्न अगदी स्पष्ट विचारा: या नमुन्याच्या निकालाने उपचारात कोणता बदल होईल? ‘काहीही निघाले तरी हीच गोळी देऊ’ असे उत्तर आले, तर तपासणीचा आग्रह सोडून द्यायला हरकत नाही. त्याचबरोबर नमुन्याचे पेशीपरीक्षण आणि जिवाणूंचे कल्चर (ते प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) दोन्ही होणार आहेत का, चालू अँटिबायोटिक किती दिवस आधी थांबवायचे, नंतर किती तास निरीक्षण होईल आणि गरज पडल्यास रात्रभर ऑक्सिजन देण्याची सोय तिथेच आहे का, हे विचारून घ्या. शेवटची सोय नसेल तर ती असलेल्या ठिकाणी जाण्याबद्दल बोलायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

घरची तयारी आजपासूनच सुरू करता येईल. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो, हे सलग काही दिवस मोजून लिहून ठेवा. निरोगी कुत्र्यात हा आकडा सहसा 30 च्या खाली असतो, पण तुमच्यासाठी त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा अधिक कामाचा आहे, कारण तपासणीनंतर तुलना त्याच्याशीच करायची आहे. गळपट्टा काढून छातीचा पट्टा वापरा. तपासणीच्या आधी डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवा आणि त्यात सवलत देऊ नका. भुलेत उलटी फुप्फुसात गेली तर नमुन्यामुळे होणाऱ्या त्रासापेक्षा कितीतरी मोठे संकट उभे राहते.

घरी आल्यानंतर एक-दोन दिवस खोकला थोडा वाढणे, थुंकीत क्वचित रक्ताची पुसट रेघ दिसणे, थोडी मरगळ येणे हे अपेक्षित आहे. त्याला शांत ठेवा, पण सतत एकाच कुशीवर पडू देऊ नका. मधूनमधून उठवून चार पावले चालवल्याने मिटलेले वायुकोश उघडायला मदत होते. या दिवसांत डॉक्टरांना न विचारता खोकला दाबणारे औषध देऊ नये, कारण आत उरलेला द्रव आणि कफ बाहेर काढण्याचे काम तो खोकलाच करत असतो. विश्रांतीतही श्वासाचा वेग 40 च्या वर टिकून राहिला, पोट आत ओढून श्वास घेऊ लागला, मान पुढे ताणून आणि कोपरे फाकवून उभा राहिला, आडवे होण्यास तयार झाला नाही, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, रक्त रेघेपेक्षा जास्त पडले किंवा गळ्याजवळची त्वचा फुगून हाताला चरचरीत लागली, तर सकाळची वाट न पाहता, निघतानाच फोन करून, त्याला दवाखान्यात न्या.

त्याला विचारता येत नाही, ही तुमची खंत मला समजते. पण तो काहीच सांगत नाही असे नाही: जिन्यावरची धाप आणि चार महिन्यांचा खोकला यांतून तो सांगतच आहे, आणि तुम्ही ते ऐकले म्हणून हे पत्र लिहिले. भावाला पुढच्या भेटीत सोबत घेऊन जा. साध्या हवेवरचा ऑक्सिजनचा आकडा त्याच्या समोर घेतला जाऊ द्या आणि त्याच्या शंका त्याला स्वतः डॉक्टरांना विचारू द्या. तपासणीच्या दिवशी आणि त्यानंतरच्या रात्री श्वास मोजायला घरात दोन जाणकार माणसे असणे केव्हाही चांगले.